खिडकीजवळचं टेबल

सोफेवाले बायकोला बाहेर जेवायला घेऊन निघाले, हीच मुळात बातमी होती. जुने सोफे उसवून नव्याने शिवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्या नादात बायकोला कुठे न्यायचं राहूनच गेलं. शेवटी मुलीने फोनवर कान उपटले, तेव्हा गल्लीच्या टोकाचं इटालियन हॉटेल ठरलं.

“दुसरीकडे जाऊ या ना,” बायको दोनदा म्हणाली. पण सोफेवाल्यांचं एकदा ठरलं की ठरलं. बिचारी बावरेल, तिला सांभाळून घ्यायला हवं, असं मनाशी घोकत ते आत शिरले.

वेटर हसत पुढे आला. “या ताई. आज शुक्रवारी कशा काय? तुमचं टेबल रिकामंच आहे.”

सोफेवाल्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी ताई नव्हती. बायको मात्र सरळ खिडकीजवळ जाऊन बसली, आणि काही न मागवताच तिच्यापुढे लसणाचा पाव आला. सोफेवाल्यांना लसणाचा वास खपत नसे, म्हणून त्यांच्या घरात लसूण येतच नसे. ‘मला तरी कुठे आवडतो,’ असं ती लग्नापासून म्हणत आली होती.

“चुकून आणलं वाटतं,” ते म्हणाले.

“नाही. माझंच आहे.” ती चवीने खाऊ लागली.

सोफेवाल्यांचं डोकं चालेना. आपण बसलोय ती तिच्यासमोरची खुर्ची एरवी कोणाची? आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखे ते अंग चोरून बसले. खरं तर राग यायला हवा होता, पण वाटली ती भीतीच.

“इथे कोणाबरोबर येतेस?”

“एकटीच.”

“कधी?”

“मंगळवारी.”

“मंगळवारी तर बहिणीकडे जातेस.”

“तसं सांगते.”

“एकटी येऊन करतेस काय?”

“जेवते.”

“घरी जेवण नसतं का?”

“असतं की. मीच करते.”

या उत्तराचं काय करावं ते त्यांना समजेना. दुसरा कोणी नाही म्हणून हायसं वाटावं, तर तसंही वाटेना. “अगं, मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्हीही आला असतात.”

ती चिडली नव्हती. घरी मीठ संपलंय म्हणून सांगते, त्याच आवाजात बोलली होती.

“मग मी जाऊ का?” त्यांनी विचारलं. ‘काहीतरीच काय बोलता’ हे ऐकायला त्यांचे कान तयारच होते.

पण तिने हातातला पाव खाली ठेवला आणि खरंच विचार केला. वेटर येऊन उभा राहिला, अंदाज घेऊन परत गेला, तरी तिचा विचार संपला नव्हता.

“आज बसा,” ती म्हणाली. “मंगळवारी मात्र येऊ नका.”

“बरं,” सोफेवाले म्हणाले. याआधी तिने आपल्याकडे कधी काय मागितलं होतं, ते त्यांना काही केल्या आठवेना.