न चाखलेला दुधी

दुधी कापायचा तर आधी देठाकडची चकती काढून जिभेवर ठेवायची, ही आमच्या घरची रीत. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा सासूबाईंनी शिकवली. कडू लागला तर खड्डा करून पुरायचा, जनावरालासुद्धा घालायचा नाही. "कडू दुधी म्हणजे विष गं, रक्त ओकायला लावतो," म्हणायच्या. त्या गेल्या, पण माझी सवय काही गेली नाही.

त्या दिवशी सकाळी परसातल्या मांडवावरून सात दुधी उतरवले. यंदाचा पहिलाच तोडा. सहा वाटपघरात द्यायला, एक घरात. वाटपघर म्हणजे ग्रंथालयामागची खोली. ज्याच्याकडे जास्त पिकतं त्याने तिथल्या फळीवर आणून ठेवायचं, ज्याला कमी पडतं त्याने घेऊन जायचं. त्यासाठी मी दरवर्षी दोन वेल जास्त लावते. बी घरचंच, गेल्या सालच्या दुधीचं. आता खरं सांगते, त्यात थोडी फुशारकीही होती. माझे दुधी हातभर लांब, कोवळे लुसलुशीत. ते फळीवर मांडले की शेजारची वांगी बिचारी अंग चोरून बसायची.

फळीवर ठेवायच्या दुधीची चकती मात्र काढायची नाही, हा माझा मीच केलेला नियम. कापलेला दुधी उष्टा दिसतो. घेणाऱ्याला वाटायचं, यांचं उरलंसुरलं आपल्या पदरात टाकलं. लोकांचा मान राखायला गेले, आणि काय करून बसले ते ऐका.

दुपारी घरचा दुधी कापायला घेतला. चकती जिभेवर ठेवली आणि थुंकलेच. कडूजहर! तीनदा चूळ भरली तरी कडूपणा जाईना. गेल्या साली आमच्या यजमानांनी हौसेने कुंपणावर शोभेचा कडू भोपळा चढवला होता, तो डोळ्यांपुढे आला. दोन्ही वेलांना एकदमच फुलं आलेली. मधमाश्यांनी त्याचा पराग माझ्या दुधीवर आणून टाकला असणार, आणि मी नेमकं त्याच दुधीचं बी धरलं. हे सगळं मनात जुळतंय तोवर दुसरी गोष्ट आठवली. सहा दुधी सकाळीच फळीवर ठेवून आले होते.

धावत सुटले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात यजमानांची, हे तिथे पोचल्यावर कळलं.

वाटपघर सिस्टर सांभाळतात. सगळा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेला, आता निवृत्त झाल्यात.

"सिस्टर, माझे दुधी कुठायत?"

"चार आहेत, दोन गेले. का गं? परत हवेत की काय?"

"कडू आहेत हो! कुणी नेले?"

सिस्टरांचं हसू मावळलं. आधी त्यांनी चारही दुधी उचलून टेबलाखाली ढकलले. मग फळी पुसायला लागल्या. त्या खोलीत कुणाचं नाव विचारायचं नाही, विचारलं तर सांगायचं नाही, असं ठरलेलं. चार वर्षं त्यांनी ते पाळलं होतं.

"अहो बोला ना! कुणी शिजवून खाल्ला म्हणजे?"

"एक शिंपीकाकांनी नेला. त्यांचं नाव घेतलं तर चालतं, ते स्वतःच गावभर सांगत फिरतात."

शिंपीकाकांचं दुकान समोरच. मी रस्त्यातूनच ओरडले. काकांनी मशीनशेजारचा दुधी उचलून दाखवला. अख्खा होता. तो बगलेत मारून मी परत आले.

"आणि दुसरा?"

"तू आधी खाली बस."

"बसायला वेळ आहे का सिस्टर?"

"तुझ्या नणंदेने नेला."

मला वाटलं, चेष्टा करतायत. वन्सं? आमच्यापासून चौथं घर. पंधरा दिवसांपूर्वी मी वांगी घेऊन गेले तर दारातूनच परत पाठवलं होतं. "आमचे हे वीटभट्टीवर मुकादम आहेत, आम्हाला काय कमी आहे?" असं वर ऐकवलंही होतं.

"भट्टी बंद पडून दोन महिने झाले," सिस्टर म्हणाल्या. "ते कामाच्या शोधात बाहेरगावी गेलेत. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. चार घरांवर राहून माहीत नव्हतं.

मी पुढे पळाले, सिस्टर औषधांची पिशवी घेऊन मागे. वन्संच्या स्वयंपाकघरात पोचले तर त्यांची सात वर्षांची लेक ताटापुढे बसलेली, डोळ्यांत पाणी. वन्सं हातात पळी घेऊन तिच्यापुढे उभ्या.

"वन्सं, खाऊ देऊ नका तिला! दुधी कडू आहे!"

त्यांच्या तोंडचा रंग उडाला. पण मान लगेच ताठ झाली. "कुठला दुधी? हा बाजारातला आहे."

"वन्सं, अहो तो माझ्या..."

"बाजारातला म्हटलं ना!"

"मामी, खरंच कडू आहे," पोरगी मुसमुसत म्हणाली. "मी सांगितलं तर आई म्हणाली, नखरे करू नकोस, अन्न टाकायचं नाही. मग तिने साखर घातली त्यात."

"किती खाल्लंस?"

"चार घास."

एरवी मी तोंडाची फटकळ, घर डोक्यावर घेतलं असतं. पण वन्संची ती ताठ मान बघितली आणि कळलं, वाटपघर हा शब्द काढला तर ही बाई लाजेने भांडत बसेल आणि तोवर पोरीच्या पोटात विष भिनेल.

"विसरलात का वन्सं?" मी म्हटलं. "सकाळी मीच नव्हता का दारात ठेवून गेले? हाक मारली, तुम्ही न्हाणीघरात होतात."

त्यांनी पोरीपुढचं ताट ओढून घेतलं. "हो," म्हणाल्या. "तूच ठेवलास." मग हातातली पळी गळून पडली. "वहिनी, मीसुद्धा खाल्लंय गं. कडू लागलं, पण म्हटलं..."

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या आणि पोरीला पहिली उलटी झाली.

दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर मायलेकींना सलाईन लावलं. मध्ये स्टुलावर मी, बादली धरून. दर उलटीला बादलीत बघायचे, लाल दिसतंय का. सासूबाईंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. पोरीचे ओठ पांढरे पडले, हात गार लागले, आणि मी तिचे तळवे चोळत मनात एकच घोकत होते, हिला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. संध्याकाळी उलट्या थांबल्या. पोरीने डोळे उघडून बिस्किट मागितलं, तेव्हा मी बादली धरूनच रडले.

दुसऱ्या दिवशी सगळे वेल उपटले, बियांसकट पुरले. बाजारातून नवं बी आणलं. त्याला दुधी धरले तेव्हापासून फळीवरच्या प्रत्येक दुधीची चकती मी काढते आणि चाखते. दोघीतिघींनी नाकं मुरडली, उष्टं म्हणाल्या. म्हणू देत.

नव्या वेलांच्या पहिल्या तोड्यातला एक दुधी घेऊन वन्संच्या दारात गेले. या वेळी हाक मारली.

त्यांनी दुधीच्या कापलेल्या टोकाकडे बघितलं. "चाखलास?"

"चाखला."

"माझ्यासमोर चाख."

त्यांनी विळी आणली. मी उंबऱ्यातच बसून चकती काढली, तोंडात टाकली. गोड होता. दुसरी चकती वन्संनी स्वतः कापून घेतली. बराच वेळ चावत उभ्या राहिल्या, आणि मग गिळली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आमची भट्टी बंद पडलीय गं."

मी म्हटलं, "आत चला, बसून सांगा."