तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा पेचकस

मी पेचकस बोलतोय. मला दुकानात शोधू नका, मिळणार नाही. माझ्यावर ना कंपनीचं नाव, ना नंबर. माझं पोलाद आधी एका मासेमारी बोटीच्या इंजिनात होतं. इंजिन भंगारात निघालं तेव्हा दाएंग रन्नूने त्यातली एक सळी डब्यात टाकून ठेवली. ती काहीच फेकत नाही.

मकास्सर बंदरापासून बोटीने तीन तासांवर आमचं बेट आहे. तिथे इंजिन, रेडिओ, पंखा, काहीही बिघडलं की लोक दाएंग रन्नूकडे येतात. 'दाएंग' हे आमच्याकडचं मानाचं संबोधन. बाईचं वय साठीच्या पुढे, जीभ कानशीसारखी.

पश्चिमेचे वारे सुटले होते. पाच दिवस एकही बोट समुद्रात गेली नव्हती. भर दुपारी आरोग्यकेंद्राची नर्स हसलिंदा धापा टाकत दुकानात आली.

"दाएंग, लशींचा फ्रिज बंद पडला! लशी बर्फाच्या पेटीत ठेवल्यात, पण उद्या संध्याकाळच्या पुढे टिकायच्या नाहीत."

"कंपनीला फोन केलास?"

"केला ना. म्हणे समुद्र शांत झाला की माणूस पाठवतो, तोवर हात लावू नका."

शेजारच्या बेटावर गोवराने दोन पोरं गेली होती. आमच्याकडे दोन दिवसांनी लसीकरण होतं. दाएंग रन्नूने पिशवी उचलली.

फ्रिजच्या मागे विजेच्या जोडण्यांची एक छोटी पेटी होती. तिच्यावर 'उघडण्यास मनाई' अशी चिकटपट्टी आणि चार स्क्रू. स्क्रूच्या डोक्यात तीन वाकड्या पाकळ्या आणि मधोमध एक बारीक खुंटी. तिने अकरा पेचकस लावून पाहिले. एकही बसेना. चपटा घालून जोर केला तर तो सटकला आणि तिचा तळवा चिरला.

"ड्रिलने उडवायचे का स्क्रू?" हसलिंदाने विचारलं.

"आणि लोखंडाचा चुरा आत गेला म्हणजे? चल, मेणबत्ती आण."

मेण मऊ करून तिने ते स्क्रूच्या डोक्यावर दाबलं. ठसा अलगद निघाला. तो समोर ठेवून, हाताला फडकं गुंडाळून, ती सळी घासायला बसली. माझा थोरला भाऊ पहिल्याच पिळाला मोडला. "कच्चा राहिला मेला," एवढंच म्हणून तिने सळीचा उरलेला तुकडा घेतला. तोच मी. मला घासलं, खुंटीसाठी माझं नाक टोचलं, लालबुंद तापवून खोबरेल तेलात बुडवलं, मग पुन्हा बेताने शेकलं. नारळाच्या लाकडाची मूठ बसवली. हे सगळं होईस्तोवर दुसरा दिवस उजाडला.

मी त्या पाकळ्यांत शिरलो आणि नेमका बसलो. कर्र... पहिला स्क्रू फिरला. हसलिंदाने तोंडावर हात ठेवला. आत फार काही नव्हतंच. खाऱ्या हवेने एका तारेचा जोड हिरवा पडला होता. दाएंग रन्नूने तो घासून परत बसवला. फ्रिज घुमू लागला. तापमानाचा काटा हवा तिथे उतरेपर्यंत दोघी समोर बसून राहिल्या. बर्फ पुरता वितळायच्या आत लशी जागेवर गेल्या. ठरल्या दिवशी त्रेचाळीस पोरांनी भोकाड पसरलं.

पंधरवड्याने कंपनीचा माणूस आला, योपी. फाटलेली चिकटपट्टी पाहून त्याने हसलिंदापुढे कागद सरकवला. "पेटी परवानगीशिवाय उघडली असं लिहून द्या. नाहीतर वर कळवतो. मग नोकरीचं तुम्हीच बघा."

हसलिंदाने पेन उचललं. इतक्यात दाएंग रन्नू आत आली. मला टेबलावर आपटत म्हणाली, "तिला काय दटावतोस बाळा? उघडली मी. लिही माझं नाव. रन्नू. दोन 'न' घाल."

"आजी, हे बेकायदेशीर आहे."

"आणि शेजारची दोन पोरं गेली, ते कायद्यात बसलं?"

त्याची नजर टेबलावर माझ्याकडे गेली. मग पुटपुटला, "हे हत्यार जमा करावं लागेल."

तिने मूठ पुढे करून मला त्याच्या हातात दिलं. "ने. कानस आणि मेणबत्तीपण देऊ का?"

हसलिंदाने तो कागद न भरताच परत केला. तिची नोकरी अजून आहे. तिला वरून एक खरमरीत पत्र तेवढं आलं, असं योपी फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

आता मी मकास्सरला कंपनीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. एकदा योपीने आजूबाजूला कुणी नाही असं बघून मला नमुन्याच्या फ्रिजला लावून पाहिलं. स्क्रू एका झटक्यात सुटला. त्याने तो पुन्हा घट्ट केला आणि मला गुपचूप परत ठेवलं.

मला सोडवायला कुणी येऊ नका. दाएंग रन्नूने एव्हाना माझा धाकटा भाऊ घडवला असेल. मला गंज चढलेला नाही, आणि मी माफीही मागणार नाही. माझ्या पिशवीवर चिठ्ठी आहे, 'अनधिकृत'. ज्याला ती खरी वाटते त्याने आमच्या बेटावर यावं, संध्याकाळी धक्क्यावर त्रेचाळीस पोरांचा दंगा ऐकावा, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणावं.