वजनदार फ्रेम

सराफाच्या पेढीवर काट्यापुढे बसून ज्याचं पोट सुटलंय, त्याने सायकलच्या शर्यतीत उतरू नये. पण शिरपूरकडच्या माझ्या सासुरवाडीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बांधाबांधावरून शर्यत व्हायची आणि शेवटी कोरड्या नाल्यावरून उडी. धाकटा मेहुणा भटू दरवर्षी जिंकायचा. मी दरवर्षी बाजेवर बसून पुरणपोळी जिरवायचो. त्यावरून माहेरची माणसं कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, टोमणे मारत. ती हसून घ्यायची, पण मागाहून चुलीपाशी उगाच राख उकरत बसायची. ते मला बघवेना. म्हणून चौऱ्याण्णव साली बोलून बसलो, यंदा मी उतरतो.

जळगावात भाईदासच्या दुकानात जाड टायरच्या सायकलीसाठी दोन पोलादी फ्रेमा टांगल्या होत्या. "उडी मारायची तर ही हलकी न्या, शेठ," तो म्हणाला. मी मनात हसलो. हलकं ते खोटं, वजन भरतं ते खरं, जन्मभर एवढंच शिकलेलो. दोन्ही हातांत तोलून पाहिल्या आणि जड ती घेतली. वर शहाणपणा असा, की सांध्यांवर लोखंडी पट्ट्याही मारून घेतल्या.

शर्यतीत पहिल्या उतारावर मी सगळ्यांच्या पुढे होतो. मला धन्य धन्य वाटलं. मग चढ आला आणि झाडून सगळे मला मागे टाकून गेले. नाल्यापाशी मी डोळे मिटून पायडल मारलं. मी उडालो, सायकल उडाली नाही. दोघंही खाली वाळूत.

सासरे तोतारामनाना काठावरून वाकले. "जावईबापू, सायकल बठ्ठी साबूत शे."

गाव पोट धरून हसलं. फ्रेम खरोखरच अख्खी होती, पण चाक वाकडं झालेलं. शर्यत अर्धी सोडावी, तर बाया आखाजीच्या गाण्यात कुंदाचा उद्धार करणार. मी ते धूड खांद्यावर घेतलं, पण काठ काही चढवेना. मला रडू येत होतं.

तेवढ्यात पदर खोचून कुंदा खाली उतरली. तिने मागची बाजू धरली. दोघांनी धापा टाकत सायकल शेवटच्या रेघेपर्यंत नेली. तिथे भटू दात काढून उभाच होता.

"तू एकला उचली दखाड, मंग बोल," कुंदा म्हणाली.

भटूने वाकून दांडी धरली. जरा हिसडा दिला आणि सोडून दिली. मी शेवटचा आलो होतो. तरी कुंदाने सगळ्या माहेरासमोर पदराने माझ्या कपाळावरची वाळू पुसली.