कच्च्या फुटेजमधलं गाणं

बाबांची पाटी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून अच्युतराव जे काही बोलायचं ते त्या पाटीवर बोलत, आणि तेही जन्मभर सरकारी फायली लिहिलेल्या माणसासारखं, वळणदार, पूर्णविरामासकट. ‘चहात साखर कमी आहे.’ ‘अबोलीचं नाक पुस.’ संहिताला पाटी वाचायची सवय झाली होती. सवय होत नव्हती ती घरातल्या शांततेची. पूर्वी इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या त्या दोन खोल्यांत बाबा भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले की खालच्या मजल्यावरच्या मंगलाकाकूंना आज कुठली भाजी होणार ते कळायचं.

संहिताची लेक अबोली आता दोन वर्षांची होती. आजोबांना आवाज होता, हेच त्या पोरीला ठाऊक नव्हतं.

आणि आवाज तर होता. चार मिनिटांचा, स्वच्छ, नीट माइक लावून घेतलेला. कुठंतरी होता, म्हणूनच संहिताचा जीव जात होता.

संहिता गाण्यांचे व्हिडिओ करायची. नोकरी कुणाची नाही; जे बोलावतील त्यांचं शूटिंग करायचं, एडिट करून द्यायचं. बाळंतपणानंतर आलेलं पहिलं काम एका म्युझिक कंपनीचं होतं, सिमरोलजवळच्या शेतात, दोन दिवसांचं. अबोली आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला सांभाळायला बाबा सोबत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गायकाचा पत्ता नव्हता आणि ऊन तर चढत होतं.

“बाबा, जरा खाटेवर बसता का? नुसतं बसायचं. मला लाइट बघायचाय.”

“मला हिरो करतेस की काय?” म्हणत ते बसले. मांडीवरची अबोली किरकिर करायला लागली तसं त्यांनी गाणं सुरू केलं. ते त्यांचं स्वतःचंच होतं, संहिताच्या लहानपणी तिच्यासाठी केलेलं; आता नाव तेवढं अबोलीचं. ‘अबोलीबाई, अबोलीबाई, चला जाऊ सराफ्याला, भुट्ट्याचा कीस खायाला...’ सराफ्याच्या खाऊबाजारापुढं दरवेळी नवं काहीतरी जोडायचे. अबोली त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत राहिली. संहिताचा लाइट कधीच बघून झाला होता. कॅमेरा तिनं चालूच ठेवला.

करारपत्र बाबांनीच चष्मा लावून वाचलं होतं. कलम नऊ: शूटिंगच्या दिवसांत कॅमेऱ्यात जे येईल ते, वापरलेलं वा न वापरलेलं, आवाजासकट, कंपनीचं. काम सोपवल्यावर करणाऱ्यानं प्रत ठेवायची नाही.

“हे सगळेच लिहितात हो,” ती म्हणाली होती. “पाळतं कोण? प्रत्येकाच्या घरी एक ड्राइव्ह पडलेलीच असते.”

“मग सही कशाला करतेस?”

सगळं सोपवायच्या दिवशी तिनं ती चार मिनिटं वेगळी काढून ठेवली होती. चोरून ठेवायला मन होईना, म्हणून बाबांना दाखवली. “एवढंच ठेवू?”

त्यांनी कागद काढला, कलमावर बोट ठेवलं. “शूटिंगच्याच दिवशी आलंय ना? मग ते त्यांचं. लिहून दिलं की दिलं. आणि गाण्याचं काय गं, मी आहेच की घरात. रोज म्हणीन.”

तिनं पुसलं. दोन्ही ड्राइव्हवरून, कार्डावरून, अगदी नेटानं. तीन महिने सरायच्या आत बाबांचा घसा बसू लागला.

फोन समोर धरला की बाबा लाजून गप्प व्हायचे. त्यामुळं फोनमध्ये त्यांच्या आवाजातलं उरलं होतं ते एवढंच: ‘येताना धने आण.’

कंपनीचं इंदूरचं काम विक्रम बघायचा. ती चार मिनिटं मागायला तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा संहिता एका हातानं अबोलीला वरणभात भरवत होती.

“विक्रमभिया, झालं का काही?”

“अरे यार संहिता, मी तर बोललो ना त्यांच्याशी. ड्राइव्ह मुंबईला आहे. लीगलवाली मॅडम म्हणते, कच्चं फुटेज बाहेर देत नाही. एकाला दिलं तर सगळे मागतील.”

“त्यात तुमचा गायकही नाहीये. माझे वडील आहेत.”

“मला माहितीये गं. मी तर होतो ना तिथं, काकांनी मला पण हसवलं होतं. माझ्या हातात असतं तर उचलून दिलं असतं. पण मी कोण? मी पण तर त्यांचाच नोकर.”

तिला रागवायला कुणी मिळेना. अबोलीनं वाटीत हात बुडवला.

“पण सुन,” विक्रम उजळून म्हणाला, “सरप्राइज आहे. गाण्याची नवीन कट येतेय शुक्रवारी. मी एडिटरला सांगून काकांचा शॉट टाकवला. तीन सेकंद! खूष?”

“हो,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

शुक्रवारी संध्याकाळी तिघं टीव्हीसमोर बसली. ढोलक वाजलं, गायक धावत शेतातून आला, आणि मग खाट, ऊन, बाबा. ओठ हलत होते. वरून त्या गायकाचा भरदार आवाज प्रेमाचं काहीतरी म्हणत होता. मग पुन्हा शेत.

“आजोबा!” अबोली उठून उभीच राहिली. “आजोबा काय बोल्ले?”

संहितानं गाणं मागं घेतलं. ओठ हलले. ‘सराफ्याला’ नव्हतं ते. कीसही नव्हता. पुढचं कुठलं तरी कडवं होतं, त्या दिवशीच सुचलेलं. तिनं पुन्हा लावलं. शेजारी बाबा पुढं वाकले होते आणि पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांबरोबर आपले ओठ हलवून बघत होते, एकदा, दोनदा, काही लागतंय का म्हणून.

मग त्यांनी पाटी मागितली. पेन्सिल टेकवली. ‘अबोलीबाई’ एवढं लिहून झालं आणि हात थांबला. त्यांनी संहिताकडं पाहिलं. फायलीतला एखादा कागद हरवल्यावर साहेबांकडं पाहावं, तसं.

“असू द्या, बाबा.”

त्यांनी मान हलवली आणि खाली लिहिलं, ‘मीच पुसायला लावलं.’ या वेळी पूर्णविराम द्यायचा राहिला.

अबोलीनं त्यांच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली, पाटीवर एक लांब वाकडी रेघ मारली आणि टीव्हीकडं बोट केलं.

“आनखी.”

संहितानं पुन्हा मागं घेतलं.