सावित्राचं लिंपण

"ती छिन्नी ठेव खाली! विटेचं तोंड फुटतंय, दिसत न्हाई व्हय तुला, शिदू?"

मुकादम महिपती खालून ओरडला आणि परांचीवरचा शिदू, आधीच अबोल माणूस, आणखीच आक्रसून बसला.

खंडाळ्याला, घाटाच्या अगदी कडेला तो विटांचा बंगला. आधीच्या कुणा साहेबाच्या डोक्यात काय आलं देव जाणे, चांगल्या लालबुंद विटांवर त्यानं हिरवा तेलाचा रंग फासून ठेवलेला! आता बंगला घेतला एका पारशी बाईंनी, आणि त्यांना ती वीट परत हवी होती. रंग सुटावा म्हणून महिपतीनं चुना नि धुण्याचा सोडा कालवून भिंतीला लावला, अगदी रीतसर लावला हो, पण घाटातला वारा काय ऐकतो? तासाभरात चुना वाळून भुरुभुरु उडून जायचा, रंग आपला जिथल्या तिथं. मग गड्यांनी काढल्या छिन्न्या. रंग निघाला, पण विटेची सालही गेली. बाईंनी ते पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत एक भिंत नीट करून दाखवा. नाहीतर मुंबईची माणसं बोलावते."

महिपतीचे गडी नि बाया सगळ्या एकाच वाडीतल्या. म्हणजे सगळ्या वाडीचं काम जाणार!

शिदूची बायको सावित्रा पाटी घेऊन तिथंच उभी होती. अठरा वर्षं ती पाटीच वाहत आली होती. वीट, चुना, पाणी, सगळं तिच्या डोक्यावरून भिंतीच्या पायाशी यायचं, आणि तिथून वर पुरुषांचं राज्य. बाईमाणसानं परांची चढायची नाही. आणि वाडीत सगळ्यांत गुळगुळीत भिंत कुणाच्या घराची? तर हिच्या! भिंतीला हात लावायला तिचे तळवे नुसते शिवशिवायचे.

"मुकादम, येक बोलू?"

"पाटी रिकामी झाली का?"

"चुना वाळतोय म्हून हे हुतंय. त्यात चिकनमाती घाला, भाताचा तूस घाला. आमी कुडाला लिंपतो तसं जाड लिंपा नि वर वली गोणपाटं बांधा. मंग वाऱ्याच्या बापालाबी वाळवायचं न्हाई."

गडी फिदीफिदी हसले. महिपती म्हणाला, "बंगला काय शेनानं सारवतीस व्हय गं, सावित्रे?"

"शेन कुटं म्हनलं? माती म्हनलं."

"आनि लिंपनार कोन?"

"मी."

"परांचीवर चढून?"

"मंग काय, मुकादम, भिंत खाली वाकल व्हय?"

आता मात्र महिपतीलाच हसू फुटलं. "चढ. पर रंग न्हाई निघाला, तर समद्या वाडीला सांगीन, हिच्यापायी काम गेलं म्हून."

"सांगा," म्हणत तिनं पाटी खाली ठेवली.

कासोटा खोचून ती चढली. तिची मैत्रीण रतनबाई खालून मातीचे गोळे देत होती आणि सारखी ओरडत होती, "बये, खाली बघू नगंस!"

"मी कशाला बघू खाली? भिंत हितं हाय की!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत महिपतीला काही धीर धरवेना. त्यानं एका कोपऱ्यात बोट घातलंच. माती भुसभुशीत होऊन पडली आणि खाली? हिरवागार रंग!

"घ्या! झाली शोभा."

सावित्रा भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "तितलं गोणपाट सरकलं हुतं, म्हून वाळलं. आत वलं हाय. ऊन कलल्याबगर कुनी हात लावायचा न्हाई. तुमीबी न्हाई, मुकादम!"

मुकादमाला असं कुणी बोललं नव्हतं. तो चक्क मागं सरला.

ऊन कललं. सावित्रानं बांबूची चिपाटी हळूच मातीखाली सरकवली आणि ओढली. अहो, टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा निघावा तसा मातीचा अख्खा थर सुटला, पाठीला हिरवा रंग चिकटलेला! मागं वीट लाल, ओली, एक ओरखडा नाही. रतनबाईनं किंकाळीच मारली. मग चिंचेच्या पाण्यानं भिंत धुतली, पितळेची भांडी धुवावीत तशी, आणि वीट आणखी उजळली.

बाई बाहेर आल्या. त्यांनी विटेवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. "कोणी केलं?"

महिपतीनं एकदा गड्यांकडं पाहिलं, एकदा परांचीकडं. "सावित्राबाईनं. आमची मिस्तरीन हाय ती."

"मग बाकीच्या तीन भिंतीही तिनंच करायच्या."

सावित्राच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता, हे परांचीवर टेकल्यावर कुठं तिच्या ध्यानात आलं. पण जेवणार कशी? चुन्यानं दोन्ही हात सोलपटलेले, रतनबाईनं त्यावर करंजीचं तेल थापलेलं. मग शिदू पुढं आला. सगळ्यांदेखत परांचीवर चढला, तिच्याशेजारी बसला आणि भाताचा घास कालवला.

"नाव घ्या, शिदूभाऊ! नाव घेतल्याबगर घास न्हाई!" बायांनी गिल्ला केला.

शिदूचे कान लाल झाले. वाटलं, उतरून पळतोय आता. पण तो घसा खाकरून बोलला,

"विटंला आला रंग, चुन्यानं भाजलं हात,
सावित्रा बसली परांचीवर, मी भरवतो भात."

खाली नुसता हलकल्लोळ! सावित्रानं मात्र तोंड उघडलं, घास घेतला आणि चावता चावता मान वळवून पलीकडच्या भिंतीकडं बघत राहिली. तिकडं वारा जास्त. माती जरा जाड लागणार होती.