जावेच्या नवऱ्याची झोप

खरं सांगते, नऊ वर्षं मी माझ्या जावेवर, सपनावर जळली. तिच्या सोन्यावर नाई, साड्यांवर नाई, तिच्या नवऱ्याच्या झोपेवर.

आमचे हे अन् प्रफुल भाऊजी, दोघं सख्खे भाऊ, दोघंही घोरणारे. नागपुरात एकाच आठवड्यात दोघांच्या घशाचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं आमच्याकडे सुख होतं. मंग यांचं पोट सुटलं अन् घोरणं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरात. भाऊजी मात्र चिडीचूप. उन्हाळ्यात सारे गच्चीवर झोपलो का शेजारचे आपल्या गाद्या उचलून खाली जात, अन् सकाळी सपना चहा ओतता ओतता म्हणे, आमच्याकडे बाई चांगला गुण आला. माझ्या अंगाचा तिळपापड होई. डॉक्टर तोच, खर्च तोच, मंग माझ्याच नशिबी हा भोंगा काऊन?

यंदा दोघांची पुन्हा तपासणी झाली. झोपेतला श्वास तपासायले एक रात्र बोटाले यंत्र लावून झोपायचं होतं. रिपोर्ट घ्यायले हिंगणघाटहून वर्धेले गेलो तं मी मनात म्हटलं, देवा, एकदा तरी हिचा तोरा उतरू दे.

डॉक्टरीणबाईनं यांना वजन कमी करा म्हटलं, श्वास ठीक आहे म्हटलं. भाऊजींचा कागद मात्र तिनं दोनदा वाचला. घोरण्याचा आवाज गेला, पण झोपेत श्वास थांबून राह्यला, तासातून कितीकदा. आता रोज हवेच्या मशीनचा मास्क लावून झोपा म्हणाली.

मी सपनाकडे पाह्यलं. ती दचकली नाई.

बाहेर बाकड्यावर म्हणाली, "मले माहीत होतं, ताई. कितीक वर्षं मी त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपते. तुमचं बरं, आवाज येते. मले लय हेवा वाटे तुमचा."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमच्यासमोर मिरवलं होतं ना."

मले तोंड वर करवेना. तिचा तोरा उतरला होता, पण मले कायचाच आनंद झाला नाई.

परतताना बसमध्ये हे घोरायले लागले. लोकं वळून पाहत होते. सवयीनं मी कोपर उचललं, तं मागच्या सीटवरून सपनानं माझा हात धरला.

"राहू द्या ना, ताई."

मी हात खाली घेतला. तिच्या बाजूले भाऊजींचा डोळा लागला होता, अगदी शांत. हिंगणघाट येईपर्यंत मी मान वळवून त्यांच्या छातीकडेच पाहून राह्यली होती.