त्रेसष्ट तुकड्यांची प्रभावळ

मित्रांनो, कल्पना करा की तुम्ही करंगळीच्या नखाएवढे आहात आणि तीन पुरुष उंचीच्या भिंतीवर चिकटून बसला आहात. खाली दोनशे माणसं मान वर करून तुमच्याकडे बघताहेत. असे दिवस मी पाहिले आहेत. मी काचेचा तुकडा आहे, पोटात सोन्याचा वर्ख असलेला.

माझा जन्म इटलीत, व्हेनिसजवळच्या भट्टीत झाला. जाड काचेवर वर्ख, त्यावर पापडासारखी पातळ काच आणि पुन्हा विस्तव. म्हणून आमचं सोनं पुसलं जात नाही. लहान लहान तुकडे जुळवून चित्र करण्याच्या कलेला मोझेक म्हणतात. फार पूर्वी लोक नदीतले गोटे जमिनीत बसवून चित्रं काढत. मग संगमरवर आला, काच आली आणि चित्रं भिंतींवर चढली.

माझी पेटी जहाजानं मुंबईला आली, तिथून पुढे बार्शीच्या छोट्या रेल्वेनं लातूरला, आणि शेवटी बैलगाडीनं उदगीरच्या वाटेवरच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मोठ्या चर्चमध्ये. तिथं आम्ही येशूच्या मस्तकामागची प्रभावळ झालो. संध्याकाळचं ऊन पश्चिमेच्या दारातून फरशीवर पडे, तिथून वर उसळे, आणि आम्ही ते पुन्हा खाली माणसांच्या तोंडावर टाकत असू. तेव्हा रडकी बाळंसुद्धा गप्प होत.

त्र्याण्णवच्या भूकंपात भिंत शहारली आणि आम्ही त्रेसष्ट जण खाली पडलो. झाडलोट करणाऱ्या सुमनबाईंनी आम्हांला केरात लोटलं नाही. बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. तीस वर्षं आम्हांला कुणी विचारलं नाही.

यंदा चर्चच्या पंचांनी ठरवलं की फुटकं चित्र काढून भिंतीला पांढऱ्या टाइल्स लावाव्यात. सुमनबाईंनी डबा फादरांपुढे ठेवला. फादरांनी पंचांकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. प्रभावळ उजळली तर चित्र राहील, नाहीतर टाइल्स.

काम मन्मथ मिस्त्रींकडे आलं. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर हलत नाही, अशी त्यांची ख्याती. शनिवारी दिवसभर त्यांनी ओल्या चुन्यात आम्हांला एकेक करून बसवलं आणि पट्टी लावून आरशासारखं सपाट केलं. मग नात अंजूला घेऊन परांचीवरून खाली उतरले. ऊन दारातून आत आलं. भिंतीवर टिकून राहिलेले जुने तुकडे पेटले. आम्ही त्रेसष्ट जण मात्र धुरकट, काळपट. फादरांनी टाइल्सच्या खोक्यांकडे बघितलं.

मिस्त्रींनी पट्टी पुन्हा हातात घेतली. "अज्जा, मी वर जाऊन बघते," असं म्हणत अंजू परांचीवर चढली. तिनं डोळे मिटून आधी जुन्या तुकड्यांवरून बोटं फिरवली, मग आमच्यावरून.

"अज्जा, जुने समदे वाकडे हायेत."

"जुन्या मिस्त्रीचा हात वाकडा असंल."

"वाकडा असता तर कसेबी बसले असते. हे समदे खाली मान घालून हायेत. लोकाकडं बघून राहिलेत."

मित्रांनो, शंभर वर्षं मलाही हे ठाऊक नव्हतं. आम्हांला मुद्दाम कलतं बसवलं होतं. सपाट बसलो तर उजेड छताकडे निघून जातो. मान झुकवली तरच तो तुमच्यापर्यंत पोचतो.

मिस्त्री वर आले आणि बराच वेळ जुन्या तुकड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. "चाळीस वर्ष म्या सरळ करायचंच शिकलो," ते हळूच म्हणाले. "चुना अजून ओला हाय. तूच कर. माझ्या हाताला वाकडं जमायचं न्हाई."

अंजूनं माझ्या खालच्या कडेवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. मी पुढे झुकलो. खाली उभ्या सुमनबाईंच्या कपाळावर एक सोनेरी ठिपका पडला. त्यांनी हात वर नेऊन तो चाचपला.

जुनं काम दुरुस्त करणाऱ्या मुलांनो, आधी त्याला हात लावून विचारा की ते असं का आहे. मगच त्याला सरळ करा.

ऊन उतरत चाललं होतं. बासष्ट जण अजून सपाटच होते. अंजूनं अंगठ्याचा चुना फ्रॉकला पुसला आणि अंगठा माझ्या शेजारच्या तुकड्यावर ठेवला.